घरच्या घरी आतड्यातील जिवाणूंची चाचणी: एका निवडीचे प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईंचे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. त्या माझ्याकडे आहारसल्ल्यासाठी आल्या त्या एका ठरलेल्या प्रश्नासह. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने आतड्यातील जिवाणू तपासणाऱ्या तीन कंपन्यांच्या चाचणीसंचांची माहिती त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली होती आणि ‘आई, यांतला एक तुझ्या आहारतज्ज्ञांना विचारून निवड, पैसे मी भरतो’ असे सांगितले होते. ‘मॅडम, यांतला कुठला घेऊ?’ एवढेच त्यांना माझ्याकडून हवे होते.

त्रास जुना होता. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीहून परतल्यावर त्यांना जुलाब-उलट्यांचा जोरदार त्रास झाला आणि प्रतिजैविके घ्यावी लागली. त्या आजारातून त्या उठल्या, पण पोट पूर्वीसारखे झाले नाही. सकाळी शाळेला निघेपर्यंत दोन-तीनदा पातळ शौचास जावे लागणे, त्याआधी ओटीपोटात कळ येऊन शौचानंतर ती थांबणे आणि दुपारचा डबा खाल्ल्यावर पोट गच्च होणे हा आठवड्यातील बहुतेक दिवसांचा परिपाठ झाला होता. आतड्याच्या जंतुसंसर्गानंतर साधारणपणे दहापैकी एका रुग्णाला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस (तपासणीत आतड्याला सूज वा जखम न दिसताही पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी चालू राहणारा विकार), मागे उरतो, ही गोष्ट पोटविकारतज्ज्ञांना चांगली ठाऊक आहे. बाईंना मात्र ती कोणी सांगितलेली नव्हती. त्यांना मिळाली होती ती ‘ॲसिडिटी’साठी पॅन्टोप्राझोलची गोळी, आणि ती त्या रोज सकाळी अनशापोटी घेत होत्या. शिवाय आमच्या भेटीच्या तीनच आठवडे आधी लघवीच्या संसर्गासाठी त्यांचा प्रतिजैविकांचा आणखी एक कोर्स झाला होता. या दोन गोष्टी त्यांनी बोलता बोलता, जाता जाता सांगितल्या. चाचणीच्या निवडीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या त्याच होत्या.

तीन संच असे होते; तिन्हींसाठी शौचाचा नमुना पाठवायचा होता. पहिला सर्वांत स्वस्त. त्यात जिवाणूंच्या ‘16 एस’ या, त्यांची ओळख पटवायला वापरल्या जाणाऱ्या एकाच जनुकाचे वाचन होणार होते. दुसरा त्याहून बराच महाग. त्यात नमुन्यातील सगळ्या डीएनएचे वाचन, म्हणजे शॉटगन पद्धत, होती. तिसऱ्यात आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जनुकांच्या प्रती, वाचून जिवाणू ‘काय करत आहेत’ ते सांगण्याचा दावा होता. त्याचा नमुना परदेशी जाणार होता आणि अहवालासोबत त्याच कंपनीच्या पूरक गोळ्यांची मासिक वर्गणी जोडलेली होती. तिन्ही जाहिरातींत ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ हे शब्द होते. नेमके काय सिद्ध झाले आहे, ते एकीतही लिहिलेले नव्हते.

चाचणी निवडण्यापूर्वी मी रुग्णाला नेहमी एक गोष्ट कागदावर लिहायला सांगते: अहवाल असा आला तर मी काय करीन आणि तसा आला तर काय करीन. बाईंनी लिहिले, ‘वाईट जिवाणू जास्त आले तर ते कमी करायचे औषध घेईन, चांगले कमी आले तर प्रोबायोटिक घेईन.’ (प्रोबायोटिक म्हणजे उपयुक्त मानलेल्या जिवंत जिवाणूंचे पूरक.) उत्तर प्रामाणिक होते, पण त्याच्या दोन्ही बाजू आजच्या ज्ञानावर टिकत नाहीत. मोठ्या आतड्यातील शेकडो प्रजातींपैकी बहुसंख्य प्रजातींचे किती प्रमाण ‘बरोबर’ हे कोणी ठरवलेले नाही, आणि अमुक जिवाणू कमी दिसला म्हणून अमुक कॅप्सूल दिली तर आयबीएसचा रुग्ण बरा होतो, असेही दाखवता आलेले नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशनने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत आयबीएससाठी प्रोबायोटिक केवळ संशोधनाचा भाग म्हणून द्यावे, असे म्हटले आहे. 18 देशांतील 69 तज्ज्ञांचे एक एकमतपत्र ‘लॅन्सेट गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी अँड हेपॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आले. त्यात रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याविना स्वतःच अशी चाचणी मागवू नये, आणि चाचणी करणाऱ्या कंपनीने उपचार सुचवू नयेत, अशी स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. म्हणजे तिन्ही संचांचा मुख्य विक्रीमुद्दा, ‘अहवालानुसार तुमच्यासाठी खास सल्ला’, हाच तज्ज्ञांनी नाकारलेला भाग आहे.

मी बाईंना ‘आत्ता कुठलाच घेऊ नका’ असे सांगितले, आणि त्यांचा चेहरा उतरला. ती निराशा मला समजते. दोन वर्षे ज्यांचा त्रास ‘टेन्शन घेऊ नका’ या वाक्याने बाजूला सारला गेला, त्यांना निदान कोणीतरी आपल्या पोटात नीट पाहणार आहे, हेच या डब्याचे आकर्षण असते. म्हणून नुसता नकार देऊन भागत नाही. ज्या चाचण्यांच्या उत्तराने खरोखर निर्णय बदलतो, त्या आधी करून द्याव्या लागतात.

बाईंना पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवले. वजन घटणे, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, घरात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, हे धोक्याचे प्रश्न त्यांनी एकेक करून विचारले; आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही मनात ठेवावा लागतो. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, सिलियॅक रोगासाठी (यात गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते) टीटीजी प्रतिपिंडे आणि शौचातील कॅलप्रोटेक्टिन एवढ्या तपासण्या सांगितल्या. कॅलप्रोटेक्टिन हे आतड्याला सूज असताना पांढऱ्या पेशींतून शौचात उतरणारे प्रथिन आहे. ग्रॅमला 50 मायक्रोग्रॅमच्या आत ते असेल तर अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या रोगांची शक्यता फार कमी होते. नमुना तोच, शौचाचाच. खर्च दुसऱ्या संचाच्या तुलनेत अगदी थोडा. पण या आकड्यावरून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करायची की नाही हे ठरते. त्या काळात गुडघेदुखीच्या गोळ्या घेऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले, कारण वेदनाशामकांनीही हा आकडा वाढतो. सिलियॅकच्या बाबतीतला नियम उलटा आहे: रक्त देईपर्यंत गहू खाणे चालू ठेवावे लागते. पोळी आधीच बंद केली तर प्रतिपिंडे कमी होतात आणि असलेला रोगही अहवालात दिसत नाही. बाई इंटरनेटवर वाचून ‘ग्लूटेन सोडावे’ या विचारात होत्या, त्यामुळे हे वेळेत कळले ते बरे झाले.

सगळे अहवाल चांगले आले. निदान आयबीएसचे झाले.

पुढची दिशा मिळाली ती त्यांच्याच वहीतून. मी त्यांना रोजचे जेवण, शौचाचे स्वरूप आणि पोटफुगी यांची नोंद ठेवायला सांगितले होते. शौचाच्या स्वरूपासाठी ब्रिस्टल तक्ता वापरला, ज्यात एकपासून सातपर्यंत चित्रे असतात. शिक्षिका असल्यामुळे त्यांनी ती वही हजेरीपटासारखी काटेकोर ठेवली. तिच्यात संकष्टी आणि एकादशी हे दिवस वेगळे उठून दिसत होते. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, दाणे, ताक असा आहार असलेल्या दिवशी दुपारी पोट शांत होते, आणि उपवास सोडल्यावर पोळी, कांद्याची भाजी व चवळीची उसळ खाल्ली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ‘उपवास मानवतो’ असे त्या इतकी वर्षे म्हणत होत्या, आणि ते अगदी खरे होते. उपासाला गहू, कांदा, लसूण आणि कडधान्ये वर्ज्य असतात, आणि लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी, मोठ्या आतड्यात जिवाणूंनी आंबवली जाणारी फ्रुक्टन व गॅलॅक्टन ही शर्करासाखळी नेमकी याच पदार्थांत असते. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला लो-फॉडमॅप, म्हणजे अशा शर्करा कमी असलेला, आहार याच तत्त्वावर उभा आहे. आम्ही तो काही आठवड्यांपुरताच ठेवला: पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आणि भात, कांद्याऐवजी कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग, आणि लसणाच्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकायच्या व फोडणी त्या तेलाची करायची, कारण फ्रुक्टन पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. मग एकेक पदार्थ परत आणला. कांदा हा मुख्य गुन्हेगार निघाला. एक पोळी चालते, तीन चालत नाहीत. चहातल्या दुधाने काहीच होत नाही. तीन महिन्यांत त्यांचा त्रास आठवड्यातून एखाद्या दिवसावर आला. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोलही हळूहळू कमी करून थांबवले.

हे सगळे आतड्यातील जिवाणूंविषयीचेच काम होते. वायू करणारे जिवाणूच होते. फक्त त्यांची नावे न विचारता त्यांना काय खायला मिळते, ते आम्ही बदलले.

यानंतर मुलगा पुन्हा म्हणाला की आता तरी चाचणी करू, निव्वळ माहितीसाठी. याला माझी हरकत नव्हती. कुतूहल हे योग्य कारण आहे, फक्त ते कुतूहल आहे हे खरेदीच्या आधी मान्य केलेले असावे. आता निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने समोर आला आणि तो आम्ही तिघांनी मिळून सोडवला.

पहिला मुद्दा वेळेचा. पहिल्या भेटीच्या वेळी नमुना दिला असता तर तो बाईंच्या आतड्याचा कमी आणि औषधांचा जास्त असता. डेन्मार्कमध्ये 12 निरोगी पुरुषांना चार दिवस तीव्र प्रतिजैविके देऊन केलेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिवाणूसमूह साधारण दीड महिन्यात बहुतांशी पूर्ववत झाला, तरी काही प्रजाती 180 दिवसांनंतरही परतल्या नव्हत्या. पॅन्टोप्राझोलच्या गटातील औषधांनी जठरातील आम्ल कमी होते आणि एरवी तोंडात राहणारे जिवाणू शौचाच्या नमुन्यात दिसू लागतात. आणि पातळ शौच हीच मोठी अडचण आहे: बेल्जियमच्या फ्लेमिश भागातील हजाराहून अधिक लोकांच्या 2016 च्या अभ्यासात जिवाणूंच्या फरकाशी सर्वाधिक निगडित घटक शौचाचा घट्ट-पातळपणा हाच निघाला होता. मी पाहिलेल्या एकाही संचाच्या प्रश्नावलीत नमुन्याच्या दिवशीचा ब्रिस्टल क्रमांक विचारलेला नव्हता, याचे मला वाईट वाटते, कारण त्याविना अहवालातील ‘विविधता कमी’ या शेऱ्याचा अर्थच लावता येत नाही.

दुसरा मुद्दा पद्धतीचा. 16 एस हे जनुक सुमारे 1500 अक्षरांचे असते आणि स्वस्त चाचण्या त्याचा एखादा तुकडाच वाचतात. त्यावरून घराणे किंवा प्रजातीसमूह कळतो, पण नेमकी प्रजाती खात्रीने सांगता येत नाही. तरीही पहिल्या संचाच्या नमुना-अहवालात प्रजातींची नावे ठासून छापलेली होती, आणि तिथेच तो संच बाद झाला. तिसऱ्या संचातील आरएनए फार नाजूक असतो, वाटेत लवकर विघटित होतो, आणि त्यावरून आहार ठरवण्याचे सूत्र कंपनीने खुले केलेले नव्हते. गोळ्यांची वर्गणी जोडलेली पाहूनच मी तो नको म्हटले असते: जो तपासतो तोच औषध विकत असेल तर ‘तुम्हाला काही नको’ असा अहवाल कधीच निघणार नाही.

तिसरा मुद्दा डब्याच्या आतला. आम्ही दुसऱ्या संचाच्या कंपनीला विचारले की नळीत जिवाणूंची वाढ थांबवणारा द्राव आहे का. हा प्रश्न उगाच नाही. सामान्य लोकांच्या आतड्यातील जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील ‘अमेरिकन गट प्रोजेक्ट’मध्ये (इंग्रजीत ‘गट’ म्हणजे आतडे) लोकांनी द्रावाविना टपालाने पाठवलेल्या नमुन्यांत प्रवासातच काही जिवाणू फोफावले, आणि संशोधकांना ते हिशेबातून वगळावे लागले. नाशिकहून निघालेले कुरिअर मे महिन्यात चाळीस अंशांत दोन दिवस पडून राहू शकते, तेव्हा आपल्याकडे तर हे आधी पाहायला हवे. दुसरा प्रश्न होता डीएनए बाहेर काढताना पेशी बारीक मण्यांनी फोडतात का. कारण जाड भिंतीचे जिवाणू तसे न केल्यास फुटत नाहीत आणि मोजणीतून निसटतात. 21 प्रकारच्या निष्कर्षण-पद्धती एकाच नमुन्यांवर ताडून पाहणाऱ्या 2017 च्या अभ्यासात निकालावर सर्वाधिक परिणाम करणारी पायरी डीएनए बाहेर काढण्याचीच ठरली होती. अशा फरकांमुळेच अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानके ठरवणाऱ्या संस्थेने 2025 मध्ये मानवी शौचाचा प्रमाणित संदर्भनमुना प्रयोगशाळांसाठी उपलब्ध केला.

कंपनीने दोन्ही प्रश्नांना लेखी, सरळ उत्तर दिले, आणि म्हणून दुसरा संच निवडला. जाहिरातीत एनएबीएल या, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे चिन्ह होते, पण ही मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही, चाचणीनिहाय मिळते. मुलाने एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेची व्याप्ती उघडून पाहिली, तर तिच्यात रक्ताच्या तपासण्या होत्या, जिवाणूसमूहाची चाचणी नव्हती. हे कंपनीने लपवले असे म्हणता येत नाही, पण सांगितलेही नव्हते.

अहवाल रंगीत आणि चांगला जाडजूड आला. वर एक गुणांक होता आणि तो ‘सुधारणा आवश्यक’ या पट्ट्यात होता. बाई गेले दोन महिने बऱ्या होत्या. गुणांक पाहून त्या रात्री त्यांचे पोट दुखले, असे त्यांनी फोनवर सांगितले. मी त्यांना दोन ओळींवर बोट ठेवायला सांगितले. पहिली: ‘प्रिव्होटेला जास्त.’ दुसरी: ‘फर्मिक्युट्स व बॅक्टेरॉइडेट्स यांचे गुणोत्तर कमी.’ हे आतड्यातील जिवाणूंचे दोन मोठे गट. प्रिव्होटेला हा बॅक्टेरॉइडेट्स गटातलाच जिवाणू आहे. तो वाढला की गुणोत्तराचा छेद वाढतो आणि गुणोत्तर आपोआप उतरते. म्हणजे एकाच गोष्टीचे गुण दोनदा कापले गेले होते. आणि ही गोष्ट दोष आहे, हेच मुळात ठरलेले नाही. धान्ये-भाज्यांवर राहणाऱ्या भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला भरपूर असणे हे भोपाळ आणि केरळमधील 2019 च्या अभ्यासासह इतरत्रही दिसले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात काम केलेले योगेश शौचे व त्यांचे सहकारी भारतीयांच्या जिवाणूंचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा, हे 2013 पासून मांडत आले आहेत, ते याचसाठी. अहवालातील ‘निरोगी’ तुलनागट कोणता, असे विचारल्यावर त्यातले बहुसंख्य लोक युरोप-अमेरिकेतले असल्याचे कंपनीने कळवले. वर उल्लेखलेल्या एकमतपत्रात तर हे गुणोत्तर अहवालात देऊच नये, असे म्हटले आहे.

आणखी एक गोष्ट मी बाईंना आकड्यांतून दाखवली. अहवालातील सर्व संख्या टक्केवारीत असतात आणि त्यांची बेरीज शंभर ठेवावी लागते. समजा दोनच जिवाणू आहेत, ‘क’ 80 आणि ‘ख’ 20. ‘क’ची संख्या घटून 20 झाली आणि ‘ख’ जसाच्या तसा राहिला, तर अहवालात ‘ख’ 20 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेलेला दिसेल, प्रत्यक्षात तो तसूभरही वाढलेला नसताना. गणित शिकवणाऱ्या बाईंना हे क्षणात उमगले आणि अहवालातील ‘वाढलेले’ व ‘घटलेले’ हे रकाने त्यांनी स्वतःच पेन्सिलीने खोडले.

अहवालात सुचवलेले प्रोबायोटिक घेतले नाही. एका सल्ल्याचा मात्र आम्ही विचार केला, आठवड्यात अधिकाधिक प्रकारच्या वनस्पती खाण्याचा. अमेरिकन गट प्रोजेक्टच्या 2018 च्या निबंधात आठवड्याला तीसहून अधिक वनस्पती खाणाऱ्यांच्या जिवाणूंत जास्त विविधता आढळली होती. हा केवळ संबंध आहे; वनस्पतींमुळेच विविधता वाढते, हे सिद्ध झालेले नाही. तरी घराच्या स्वयंपाकात हे सहज जमणारे आणि निर्धोक आहे. तीळ, जवस, कारळ यांच्या चटण्या, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, मुगाचे थोडे वरण असे प्रकार कांद्याविना वाढवले. यासाठी चाचणीची गरज नव्हती, हे मुलानेही कबूल केले.

शेवटचे काम माहितीच्या मालकीचे होते. शॉटगन वाचनात जिवाणूंसोबत माणसाचा स्वतःचा डीएनएही थोडाफार वाचला जातो. त्यावरून व्यक्तीची अनुवंशिक ओळख बांधता येते, हे जपानी संशोधकांनी 2023 मध्ये दाखवले आहे. कंपनी बुडाली तर ही माहिती कुठे जाते, हा प्रश्नही काल्पनिक नाही. 2012 मध्ये लोकवर्गणीतून उभी राहिलेली सॅन फ्रान्सिस्कोची ‘यूबायोम’ ही या क्षेत्रातली पहिल्या काही कंपन्यांपैकी एक. 2019 मध्ये एफबीआयने तिच्या कार्यालयावर छापा घातला, त्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली, आणि 2021 मध्ये तिच्या संस्थापकांवर आरोग्यविमा व गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचे आरोप ठेवले गेले. तिची पेटंट आणि माहितीसाठा दुसऱ्या कंपनीने विकत घेतला.

बाईंनी कंपनीला पत्र लिहिले: वाचनाची मूळ फाइल द्यावी, उरलेला नमुना नष्ट करावा आणि माहिती पुसावी. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचा उल्लेख त्यांनी पत्रात केला. मूळ फाइल आली, नमुना नष्ट केल्याचे पत्रही आले. ओळख काढून टाकलेली माहिती मात्र संशोधनासाठी ठेवली जाईल, कारण संच नोंदवताना तशी संमती दिलेली आहे, असे उत्तर मिळाले. ती संमती ॲपमधील पाचव्या पडद्यावर, आधीच खूण केलेल्या चौकटीत होती. त्यानंतर माझ्याकडे अशा चाचणीची चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला मी नोंदणीच्या वेळी ती खूण काढायला सांगते.